सिझेरियननंतर टाके पिकू नयेत म्हणून जास्तीचा ऑक्सिजन: खरंच उपयोग होतो का?

पारिजात

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीचं दुसरं सिझेरियन पुढच्या महिन्यात ठरलंय. पहिल्या वेळी घरी आल्यावर टाक्यांच्या डाव्या टोकाला लाली आली, मग तिथून पाणी झिरपायला लागलं आणि शेवटी दोन टाके सोडून पू काढावा लागला. पुढे कितीतरी दिवस रोजचं ड्रेसिंग, अंगात कणकण, आणि बाळाला पाजायला घेतलं की पोटात कळ. आता ऑपरेशनचं तिला फारसं काही वाटत नाही, पण टाक्यांचा विषय निघाला की तिचा चेहरा उतरतो.

तिच्यासाठी म्हणून वाचायला बसले तेव्हा एक गोष्ट सापडली. ऑपरेशन चालू असताना आणि नंतर दोन तास ८० टक्के ऑक्सिजन दिला तर जखमेतला जंतुसंसर्ग निम्म्यावर येतो, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. कारणही पटतं: जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना ऑक्सिजन लागतो. पण तो अभ्यास आतड्याच्या ऑपरेशनांवरचा आहे.

सिझेरियनमध्ये हे लागू होतं का? आम्ही डॉक्टरांकडे तसा आग्रह धरावा का? बाळाला त्याचा काही त्रास? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. तिला नुसतं 'काळजी करू नकोस' म्हणून भागणार नाही.

कोरांटी

माझ्या सिझरच्या वेळी मास्क लावला होता आणि टाके छान भरून आले. आग्रह धराच ताई. ऑक्सिजनच तर आहे, त्यानं काय अपाय होणार?

धुकं

वाचतेय. माझ्या वहिनीचीही तारीख जवळ आलीय.

भूलघर

पारिजात ताई, मी भूल देणारा डॉक्टर आहे आणि माझं बरंचसं काम सिझेरियनचंच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही वाचलेला तर्क भक्कम आहे. जखमेत जंतू शिरले की सर्वात आधी धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्या जंतूला गिळतात आणि ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइडसारखी जहाल रसायनं बनवून त्याला आतल्या आत मारतात. हे रसायन किती वेगानं बनेल ते आजूबाजूच्या ऑक्सिजनच्या दाबावर ठरतं. ताज्या जखमेत बारीक रक्तवाहिन्या कापलेल्या असतात, काही गोठलेल्या असतात, त्यामुळे तिथे हा दाब मुळातच कमी असतो. शिवाय जंतू पाय रोवणार की मरणार याचा बराचसा निकाल पहिल्या काही तासांत लागतो. म्हणून ऑक्सिजन त्याच तासांत द्यायचा, अशी कल्पना. सॅन फ्रान्सिस्कोच्या थॉमस हंट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमेतल्या ऑक्सिजनवर अनेक वर्षं काम केलं, त्यातून हा विचार पक्का होत गेला.

इथे एक बारकावा सांगतो, कारण नातेवाईक हमखास विचारतात. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर साध्या हवेतही ९८-९९ दिसतं, कारण हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. मास्क लावल्यावर तिथे फार तर १०० दिसेल. आकड्यावरून वाटतं की काहीच बदललं नाही. पण रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब तेवढ्यात पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपासवरून ३०० च्या पुढे जाऊ शकतो, आणि केशवाहिनीतून जखमेच्या पेशींपर्यंत ऑक्सिजन ढकलतो तो हाच दाब. म्हणजे ऑक्सिमीटर नॉर्मल असतानाही जास्तीच्या ऑक्सिजननं जखमेत फरक पडू शकतो, हे म्हणणं शरीरशास्त्राच्या दृष्टीनं चुकीचं नाही.

तुमच्या वाचनात आलेला अभ्यास बहुधा २००० सालचा. आतड्याच्या ऑपरेशनचे ५०० रुग्ण होते, निम्म्यांना ८० टक्के आणि निम्म्यांना ३० टक्के ऑक्सिजन, ऑपरेशनभर आणि नंतर दोन तास. संसर्ग ११.२ टक्क्यांवरून ५.२ वर आला. आमच्या क्षेत्रात त्याची खूप चर्चा झाली.

आता सिझेरियनकडे या. आतड्याच्या ऑपरेशनात रुग्ण पूर्ण भुलीत असतो, श्वासनलिकेत नळी असते, त्यामुळे ८० टक्के म्हणजे ८० टक्केच जातो. सिझेरियन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होतं. आई जागी असते, स्वतः श्वास घेते. साध्या मास्कच्या कडांमधून बाहेरची हवा आत येत राहते. पिशवीवाला घट्ट मास्क लावला तर प्रमाण वाढतं, पण नळीइतकी खात्री नसते. आणखी एक: कमरेखालच्या भुलीनं त्या भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, ओटीपोटाच्या त्वचेला रक्तपुरवठा चांगला राहतो. बाळंतीण तरुण असते, फुप्फुसं बहुधा ठणठणीत असतात. जिथे ऑक्सिजनची तूट फारशी नाही तिथे वरून ओतून किती मिळणार?

आणि सिझेरियननंतरचा संसर्ग फक्त कातडीवरच्या जंतूंचा नसतो. योनिमार्गातले जंतू वर चढून गर्भाशयात जातात, तिथून जखमेतही येतात. त्यांची वाट वेगळी, म्हणून अडवायची जागाही वेगळी.

अर्थात हा सगळा तर्क झाला. प्रत्यक्ष बायकांवर करून पाहिलं तेव्हा काय दिसलं ते आकडेमोड यांनी लिहावं, त्यांचा हात त्यात चांगला आहे.

आकडेमोड

भूलघर, आभार. मी वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीत काम करते, डॉक्टर नाही. हा प्रश्न सिझेरियनवर स्वतंत्रपणे तपासला गेलाय, आणि तोही चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीनं. त्यामुळे आतड्यावरून सिझेरियनचा अंदाज बांधायची गरजच नाही.

२००८ मध्ये १४३ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मध्येच थांबवावा लागला, कारण पुढे नेऊनही ऑक्सिजनचा फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. उलट जास्त ऑक्सिजनच्या गटात संसर्ग २५ टक्के आणि दुसऱ्या गटात १४ टक्के निघाला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून 'ऑक्सिजननं संसर्ग वाढतो' असा अर्थ कुणी काढू नये. २०११ मध्ये ५८५ स्त्रियांवर मिनिटाला १० लिटरच्या पिशवीवाल्या मास्कची तुलना नेहमीच्या नाकातल्या नळीशी झाली. फायदा नाही. २०१३ मध्ये ८३१ स्त्रियांवर ८० टक्के विरुद्ध ३० टक्के. दोन्ही गटांत संसर्ग आठ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखा.

तीन वेगवेगळे चमू, वाढत जाणारी संख्या आणि एकच उत्तर. मला हे पुरेसं वाटतं.

आतड्याच्या बाबतीतही पुढे चित्र डळमळलं, तेही सांगते. २००५ मध्ये स्पेनमधल्या ३०० रुग्णांत पुन्हा फायदा दिसला, २४.४ वरून १४.९ टक्के. पण त्याच्या आदल्या वर्षी पोटाच्या मोठ्या ऑपरेशनांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात जास्त ऑक्सिजनवाल्यांनाच दुपटीहून जास्त संसर्ग झाला होता. मग २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये पोटाच्या ऑपरेशनांच्या १४०० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला: १९.१ विरुद्ध २०.१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. त्यातल्या रुग्णांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा जास्त ऑक्सिजनच्या गटात, विशेषतः कर्करोगाच्या रुग्णांत, मृत्यू जास्त दिसले. ते का, यावर वाद आहे आणि बाळंतिणीला तो लागू करू नये. मात्र 'ऑक्सिजनच तर आहे' म्हणून सोडून देण्याइतकी ही गोष्ट साधी राहिलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये ८० टक्के ऑक्सिजनची ठाम शिफारस केली, टीका झाल्यावर २०१८ मध्ये ती सौम्य करून सशर्त केली. तीही फक्त श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल दिलेल्या प्रौढांसाठी. कमरेतल्या भुलीत, मास्क लावून, अशी ती शिफारस नाही. पारिजात ताई, तुमच्या बहिणीच्या दृष्टीनं हाच मुद्दा महत्त्वाचा.

थोडं विषयांतर. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ च्या एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी तापानं दगावत होत्या. मेच्या मध्यात तिथल्या सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि जूनमध्ये प्रमाण दोनच्या आसपास आलं. तेव्हा जंतूंची कल्पनाही मान्य झालेली नव्हती, 'का' याचं धड उत्तर त्याच्याकडे नव्हतं, पण मोजदाद पक्की होती. ऑक्सिजनचं नेमकं उलट झालंय. 'का' याचं उत्तर इतकं देखणं आहे की मोजदाद पाहण्याआधीच पटून जातं. म्हणूनच या विषयावर मी इतकं लिहितेय. बाळंतिणीच्या बाबतीत पटणं पुरेसं नाही, मोजलेलं हवं.

कोरांटी

आकडेमोड, छान समजावलंत. पण मग फायदा नसला तरी तोटाही नाही ना? लावला मास्क तर लावला. माझा प्रश्न बाळाबद्दल आहे.

भूलघर

रास्त प्रश्न आहे. हाँगकाँगमध्ये २००२ मध्ये ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये आईला ६० टक्के ऑक्सिजन देऊन पाहिला. बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन थोडासाच वाढला, पण आई आणि बाळ दोघांच्याही रक्तात मुक्त कणांनी (फ्री रॅडिकल्स, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारी जहाल रसायनं) होणाऱ्या झिजेच्या खुणा वाढल्या. बाळांना प्रत्यक्ष काही त्रास झाला असं त्यात दिसलं नाही. तरी ज्याचा लाभ नाही ते घेऊन या खुणा तरी कशाला वाढवायच्या, असं माझं मत.

दुसरं, मास्कमुळे आईचं तोंड कोरडं पडतं, गुदमरल्यासारखं होतं, आणि बाळ छातीवर ठेवल्यावर त्याच्या डोक्याला गाल लावता येत नाही. हे छोटं वाटेल, पण त्या टेबलावर पडलेल्या बाईला ते छोटं नसतं.

मात्र एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो, नाहीतर हा धागा वाचून कुणीतरी भलताच अर्थ काढेल. आईचा ऑक्सिजन खरोखर कमी झाला, रक्तस्राव जास्त झाला, दमा किंवा हृदयाचा आजार असला, गुंगीचं औषध द्यावं लागलं, तर आम्ही ऑक्सिजन देणारच. तेव्हा कुणीही नको म्हणू नये. इथली चर्चा फक्त 'टाके पिकू नयेत म्हणून धडधाकट आईला जास्तीचा ऑक्सिजन' एवढ्यापुरतीच आहे.

ओसरी

मी प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. ऑक्सिजनचं वरच्यांनी लिहिलंच. पारिजात, तुझी बहीण जिथे अडकलीय ते टाके वाचवायचे कसे, यावर मला बोलायचंय, कारण त्यासाठी करण्यासारखं खूप आहे आणि ते सिद्ध झालेलं आहे.

पहिलं आणि सर्वात मोठं: चिरा देण्याआधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन. पूर्वी बाळाची नाळ बांधल्यावर देत, बाळाला औषध जाऊ नये म्हणून. नंतर अभ्यासांत दिसलं की चिऱ्याच्या आधी, तासाभराच्या आत दिलं तर आईचे संसर्ग कमी होतात आणि बाळांना त्याचा तोटा होत नाही. आता बहुतेक ठिकाणी सेफाझोलिन दोन ग्रॅम देतात, वजन खूप जास्त असेल तर तीन. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ९५ अभ्यास, पंधरा हजारांवर स्त्रिया होत्या: अँटिबायोटिकनं जखमेचा आणि गर्भाशयाचा संसर्ग साठ-सत्तर टक्क्यांनी कमी होतो. एवढं मोठं काम दुसरी कुठलीच गोष्ट करत नाही. ऑपरेशनआधी आमच्याकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारतात, 'अँटिबायोटिक दिलं का, किती वाजता?' उत्तर मिळाल्याशिवाय सर्जनच्या हातात सुरी जात नाही. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो.

कळा सुरू होऊन किंवा पाणी जाऊन मग सिझर करायची वेळ आली तर सेफाझोलिनसोबत अॅझिथ्रोमायसिनही देतात. २०१६ मध्ये अमेरिकेत २०१३ स्त्रियांवर हे तपासलं, संसर्ग १२ टक्क्यांवरून ६.१ वर आले. अशा बायकांना आधी योनिमार्ग पोव्हिडोन आयोडीननं स्वच्छ केला तर गर्भाशयाचा संसर्गही घटतो.

मग त्वचा. त्याच वर्षी ११४७ स्त्रियांवरच्या अभ्यासात क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलनं पोट पुसलेल्यांत जखमेचा संसर्ग ४ टक्के, आयोडीन-अल्कोहोलवाल्यांत ७.३. पण ते वाळू द्यावं लागतं! पुसलं आणि लगेच चिरा दिला तर अर्धा गुण वाया. घाईच्या वेळी ही तीन मिनिटं सांभाळणं हे सिस्टरचं काम आणि मी ते भांडून सांभाळते.

आणि घरच्यांनी लक्षात ठेवायचं: ओटीपोटावर घरी रेझर फिरवू नका. बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात. केस काढायचेच असतील तर आम्ही ऐनवेळी क्लिपरनं काढतो. चरबीचा थर दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर सर्जन तो वेगळा शिवतात, म्हणजे आत पोकळी राहून पाणी साचत नाही.

पारिजात, दोन गोष्टी विचारते. पहिलं सिझर ठरवून झालं होतं की ऐनवेळी? आणि तिला साखर होती का?

पारिजात

ऐनवेळी. पाणी गेलं होतं, रात्रभर कळा देऊन झाल्या, बऱ्याचदा आतून तपासणी झाली आणि पहाटे घाईघाईनं घेतलं. आणि हो, गरोदरपणात साखर वाढली होती. याही वेळी थोडी वरच आहे, गोळ्या चालू आहेत.

ओसरी

मग तिला हे सांग. लांबलेल्या कळा, फुटलेली पाणमोट, वारंवार तपासणी आणि साखर, ही चारही संसर्गाची नेहमीची कारणं आहेत आणि ती सगळी त्या रात्री एकत्र आली होती. तिच्या अंगातच काही खोट आहे असं तिला वाटत असेल तर तसं मुळीच नाही. या वेळी ठरवून, कळा सुरू व्हायच्या आत, पाणमोट शाबूत असताना झालं तर धोका आपोआप बराच खाली येतो. चारातली साखर तेवढी उरते. ती आत्तापासून ऑपरेशनच्या दिवसापर्यंत आणि नंतरही आटोक्यात ठेवणं हे टाक्यांसाठी कुठल्याही मास्कपेक्षा मोठं काम आहे.

भूलघर

ओसरी सिस्टरांना पूर्ण अनुमोदन. फक्त ऊब राहिली. थंडी, वेदना आणि रक्त कमी होणं, या तिन्हींनी त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात. मग रक्तात कितीही ऑक्सिजन असो, तो जखमेपर्यंत पोचत नाही. १९९६ मध्ये आतड्याच्या २०० रुग्णांत नुसतं अंग उबदार ठेवल्यानं संसर्ग १९ वरून ६ टक्क्यांवर आला होता. सिझेरियनमध्ये एवढा फरक पडेल असं मी म्हणणार नाही, पण आईला कुडकुडत ठेवू नये एवढं नक्की. तिला थंडी वाजली तर तिनं मोकळेपणी सांगावं. आणि धूम्रपान करणाऱ्या कुणी वाचत असतील तर ते थांबवा, त्यानं जखमेतला ऑक्सिजन खरोखर कमी होतो.

शेवंती

पारिजात, माझेही टाके पिकले होते, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलमधून निघताना जखम स्वच्छ होती. बहुतेक संसर्ग घरी आल्यावरच कळतात, आणि घरी सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. जखम पोटाच्या घडीखाली असल्यामुळे आपली आपल्याला दिसतही नाही. मला आधी दिसला तो कपड्यावरचा पिवळट डाग. बहिणीला म्हणावं, दुसऱ्या कुणाला तरी रोज एकदा उजेडात बघायला लाव, नाहीतर मोबाइलवर फोटो काढ आणि कालच्या फोटोशी ताडून बघ. आंघोळीनंतर ती घडी नीट टिपून कोरडी करायची, चोळायची नाही. लाली पसरतेय, जागा गरम लागतेय, घाण वास येतोय, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, टाका उसवल्यासारखा वाटतोय किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर (फॅरनहाइटमध्ये १००.४) गेला, की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. अंगावरून जाणाऱ्या रक्ताला वास येऊन ताप आला तरीही लगेच जायचं, तो गर्भाशयाचा संसर्ग असू शकतो. मी 'उद्या बघू' म्हणणाऱ्यांचं ऐकत बसले असते तर आणखी लांबलं असतं.

धुकं

शेवंती, फोटोची कल्पना वहिनीला सांगितली.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. ओसरी ताईंचं 'अंगातच काही खोट नाही' तिनं दोनदा वाचायला लावलं. मास्कचा आग्रह आम्ही सोडलाय. पुढच्या भेटीत अजून काय विचारू?

ओसरी

आधीच्या वेळच्या पुवाची तपासणी केली असेल तर तो रिपोर्ट शोधून ने. कुठला जंतू होता, कुठल्या औषधाला दाद देत होता हे त्यात असतं आणि डॉक्टरांना खरंच उपयोगी पडतं. पेनिसिलिनची किंवा कुठल्याही औषधाची अॅलर्जी असेल तर ती ठळक सांग, कारण त्यावर अँटिबायोटिक ठरतं. तारखेच्या आधीच कळा आल्या किंवा पाणी गेलं तर काय करायचं, अॅझिथ्रोमायसिन देणार का, हे आधीच विचारून ठेव. आणि शंका आली तर टाके कुणाला, किती वाजेपर्यंत दाखवता येतील, तो फोन नंबर घेऊनच घरी या.

कोरांटी

एक राहिलं. कमरेतली भूल जमली नाही आणि पूर्ण भूल द्यावी लागली, तर ती जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लागू होईल ना?

भूलघर

कागदावर होईल, कारण तेव्हा नळी असते. पण पूर्ण भुलीत बाळ बाहेर येईपर्यंत आम्ही तसाही भरपूर ऑक्सिजन देतो, कारण गरोदर बाईचा साठा श्वास थांबल्यावर फार लवकर संपतो. त्याचा टाक्यांशी संबंध नाही. बाळ आल्यानंतर किती ठेवायचा ते तिची फुप्फुसं, रक्तस्राव आणि ऑक्सिमीटर पाहून त्या वेळचा डॉक्टर ठरवेल. वरचे सिझेरियनचे आकडे मुख्यतः कमरेतल्या भुलीचे आहेत, म्हणून पूर्ण भुलीबद्दल ठाम 'हो' किंवा 'नाही' मी त्यांतून काढणार नाही. अँटिबायोटिकचं इंजेक्शन मात्र भूल कुठलीही असो, चिऱ्याच्या आधीच.